‘दहा गिगाहर्ट्झचा प्रोसेसर लपवून ठेवलाय’ म्हणे!

जून उजाडला, कॉलेजचे प्रवेश सुरू झाले, की गोव्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर लॅपटॉपविषयीचं ज्ञान वाहू लागतं. यंदाच्या ज्ञानाचा मथळा आहे ‘प्रोसेसर कंपन्यांची महालबाडी’. माझं फोंड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. साखळीपासून सावर्ड्यापर्यंतची मंडळी तो मजकूर मोबाइलवर उघडूनच काउंटरशी येतात आणि विचारतात, “बाब, हें खरें?” प्रत्येकाला उभ्या उभ्या उत्तर देणं जमत नाही, म्हणून हे सविस्तर.

ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी त्या मजकुराचा गोषवारा. मूरच्या नियमानुसार कॉम्प्युटरचा वेग दर १८ महिन्यांनी दुप्पट व्हायलाच हवा. २००५ साली तो ३ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके, होता, आजही लॅपटॉपच्या खोक्यावर तेवढाच आकडा असतो. म्हणजे दहा-वीस गिगाहर्ट्झचे प्रोसेसर तयार आहेत, कंपन्या ते लपवून ठेवतात आणि ‘कोर’, म्हणजे एकाच प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे विभाग, वाढवून आपल्याला गंडवतात. निदान जास्तीत जास्त कोर बघून घ्या. चिपची बारकाई सांगणारा नॅनोमीटरचा (मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाचा) आकडा आता अणूएवढा झालाय, भारत मात्र २८ नॅनोमीटरचं भंगार बनवणार. जुनी मशीनं अपडेट पाठवून मुद्दाम मंद केली जातात. आणि शेवटी सल्ला: क्वांटम कॉम्प्युटर येतोच आहे, तोवर एक पैसाही खर्च करू नका.

यातल्या एका मुद्द्यात तथ्य आहे, त्याच्याकडे येतोच. आधी बाकीचे.

“मूरचा नियम सांगतो की वेग दर १८ महिन्यांनी दुप्पट होतो”

असं मूर कुठेच म्हणाले नव्हते. गॉर्डन मूर यांनी एप्रिल १९६५ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स’ नियतकालिकात तो लेख लिहिला तेव्हा इंटेल कंपनी जन्मालाही आली नव्हती. ते फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरमध्ये संशोधन विभाग सांभाळत होते. त्यांचं निरीक्षण चिपवर किती घटक बसवणं किफायतशीर ठरतं याबद्दलचं होतं. ही संख्या दरवर्षी दुप्पट होत आली आहे, आणखी दहा वर्षं होत राहील आणि १९७५ पर्यंत एका चिपवर ६५,००० घटक बसतील, असा त्यांचा अंदाज. १९७५ साली त्यांनी स्वतःच दुपटीची मुदत दोन वर्षांवर नेली. १८ महिन्यांचा आकडा इंटेलमधले त्यांचे सहकारी डेव्हिड हाउस यांचा. घटकही वाढणार आणि घटक वेगवानही होणार, असं दोन्ही धरून त्यांनी तो काढला होता.

आणि संख्येचा हा चढता आलेख २००५ ला थांबलाही नाही. १९७१ च्या इंटेल ४००४ या चिपवर २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२० मध्ये ॲपलच्या एम-वन चिपवर १,६०० कोटी होते. मोडलं ते वेगळंच काहीतरी, आणि त्याचं नाव फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी कुणी ऐकलेलं दिसत नाही.

“दहा-वीस गिगाहर्ट्झचे प्रोसेसर तयार आहेत, पण बाहेर काढत नाहीत”

हा सगळ्या मजकुराचा कणा, म्हणून इथे जरा थांबू.

ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचं अतिसूक्ष्म बटण. ते चालू-बंद होताना दर वेळी थोडासा विद्युतभार भरतो आणि रिकामा होतो, आणि त्यात खर्ची पडलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता दोन गोष्टींवर ठरते: सेकंदाला किती वेळा बटण दाबलं जातं, म्हणजे गिगाहर्ट्झ, आणि व्होल्टेजचा वर्ग. वेग एकटा वाढवता आला असता तर प्रश्न नव्हता. पण बटण जास्त झपाट्याने दाबायचं तर व्होल्टेजही चढवावं लागतं, आणि ते तर वर्गात मोजलं जातं. म्हणजे ढोबळ हिशेबाने उष्णता वेगाच्या घनाने वाढते. वेग सव्वापट केला की उष्णता जवळपास दुप्पट.

मग १९७८ च्या ८०८६ चे ५ मेगाहर्ट्झ ते नोव्हेंबर २००० च्या पेंटियम ४ चे दीड गिगाहर्ट्झ, ही तीनशेपट मजल मारली तरी कशी? त्याचं उत्तर आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांच्याकडे आहे. आपण आज रॅम म्हणून विकत घेतो त्या मेमरीची मूळ पेशी शोधून काढणारे तेच. १९७४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ट्रान्झिस्टरची सगळी मापं आणि व्होल्टेज एकाच प्रमाणात कमी करत गेलं, तर दर चौरस मिलिमीटरमागे उष्णता तेवढीच राहते. म्हणजे प्रत्येक पिढीत बटणं लहान, संख्येने जास्त, वेगाने जास्त, आणि ताप मात्र पहिल्याइतकाच. ही फुकटची चैन, म्हणजे ‘डेनार्ड स्केलिंग’, तीस वर्षं चालली. मोडलं म्हटलं ते हेच. ८०८६ ला ५ व्होल्ट लागायचे. २००४ पर्यंत व्होल्टेजचा हा आकडा दीड व्होल्टच्या खाली आला होता.

तिथे तो अडकला. ट्रान्झिस्टर ‘बंद’ असला तरी पूर्ण बंद नसतो, थोडी वीज झिरपतच राहते. बंद आणि चालू यांच्यामधला उंबरठा पुरेसा उंच असेल तर ही गळती नगण्य असते. व्होल्टेज कमी करायचं तर उंबरठाही खाली आणावा लागतो, आणि उंबरठा दशांश व्होल्टने खाली आणला की गळती दहापटीच्या पुढे जाते. साध्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये नेहमीच्या तापमानाला गळती दहापट कमी करायला किमान ६० मिलिव्होल्ट लागतातच. हा आकडा तापमानातूनच निघतो. तो कंपनीच्या मीटिंगमध्ये ठरलेला नाही. शिवाय तेव्हा ट्रान्झिस्टरमधला विजेला अडवणारा थर १.२ नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे जेमतेम पाच-सहा अणूंइतका पातळ झाला होता, आणि इलेक्ट्रॉन त्यातूनही आरपार निसटू लागले होते. २००७ मध्ये इंटेलने हाफ्नियम या धातूचं संयुग वापरून ही दुसरी गळती बरीच बुजवली. पहिली मात्र राहिलीच. म्हणून आजही प्रोसेसरचं व्होल्टेज एक व्होल्टच्या आसपास घुटमळतं.

याचा परिणाम २००४ मध्ये कसा दिसला ते पाहा. ‘प्रेस्कॉट’ पिढीचा पेंटियम ४ सुमारे ११२ चौरस मिलिमीटरचा, अंगठ्याच्या नखाएवढा, आणि वरच्या मॉडेलची उष्णता ११५ वॉटपर्यंत. दर चौरस मिलिमीटरला साधारण एक वॉट. त्या काळात ज्यांनी हे मशीन वापरलं त्यांना त्याच्या पंख्याचा घरघराट आठवत असेल. तो ३.८ गिगाहर्ट्झवर थांबला. ४ गिगाहर्ट्झचं मॉडेल जाहीर होऊनही रद्द झालं.

आता लपवाछपवीबद्दल. पॅट गेल्सिंगर तेव्हा इंटेलमधले वरिष्ठ अधिकारी होते. २००१ साली अभियंत्यांच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी उघड सांगितलं होतं, की हीच चाल राहिली तर दशकभरात चिपच्या पृष्ठभागावरची उष्णता अणुभट्टी आणि रॉकेटच्या नळकांड्याशी स्पर्धा करेल. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीचे मुख्य अधिकारी क्रेग बॅरेट यांनी रद्द झालेल्या ४ गिगाहर्ट्झच्या चिपबद्दल भर सभेत, व्यासपीठावर गुडघे टेकून, गमतीच्या सुरात का होईना, माफी मागितली. ज्याने माल कपाटात दडवलाय तो असा चारचौघांत गुडघे टेकेल का? इंटेलने त्याआधी या रचनेतून १० गिगाहर्ट्झपर्यंत जाण्याच्या गोष्टी केल्या होत्या, हे खरं. फॉरवर्डवाल्याच्या डोक्यात तोच आकडा कुठूनतरी शिरला असावा. पण ती वल्गना होती, आणि पदार्थविज्ञानाने ती मोडीत काढली.

जगातल्या हौशी मंडळींनी द्रव हेलियम ओतून प्रोसेसर ९ गिगाहर्ट्झच्या किंचित वर नेऊन दाखवलाय. विक्रमाची नोंद होईपर्यंत तो टिकतो, एवढंच. दुकानात मिळणाऱ्यांमध्ये २०२४ चा इंटेलचा एक डेस्कटॉप प्रोसेसर ६.२ गिगाहर्ट्झला पोचतो, तोही एखाद-दोन कोरवर आणि क्षणभर.

आणखी एक साधी गोष्ट. इंटेल, एएमडी, ॲपल, क्वालकॉम हे एकमेकांच्या उरावर बसलेले धंदेवाले आहेत. २०२२ पासून अमेरिकेने चीनला पुढारलेल्या चिपा आणि त्या बनवायची यंत्रं विकण्यावर कडक बंधनं घातली आहेत. दहा गिगाहर्ट्झची युक्ती कुणाच्याही कपाटात असती तर चिनी कंपन्यांनी ती कधीच बाजारात आणून सगळ्यांची तोंडं बंद केली असती.

आकडा अडला म्हणजे कामही तिथेच अडलं, असं मात्र नाही. त्याच ३ गिगाहर्ट्झवर आजचा एक कोर पेंटियम ४ च्या कित्येकपट काम उरकतो, कारण दर ठोक्याला तो जास्त सूचना हातावेगळ्या करतो, पुढे काय लागेल याचा अंदाज चांगला बांधतो आणि जवळची मेमरी मोठी ठेवतो. तरी जुना वेग गेला तो गेलाच. जॉन हेनेसी आणि डेव्हिड पॅटरसन या संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळालेल्या जोडीने मांडलेला हिशेब असा: १९८६ ते २००३ या काळात एका कोरची कामगिरी वर्षाला सुमारे ५२ टक्क्यांनी वाढत होती, २०१५ नंतरच्या काही वर्षांत ती ३.५ टक्क्यांवर आली. पहिल्या दराने दुप्पट व्हायला वीस महिने लागतात, दुसऱ्याने वीस वर्षं. एएमडीचे झेन प्रोसेसर २०१७ मध्ये आणि ॲपलचा एम-वन २०२० मध्ये आल्यावर चुरस पुन्हा वाढली, पण ५२ टक्क्यांचे दिवस काही परतले नाहीत. फॉरवर्ड लिहिणाऱ्याची कुरकुर इथूनच आली असेल तर ती मला समजते. कारण मात्र त्याने चुकीचं शोधलंय.

“वेग देत नाहीत म्हणून कोर वाढवून गंडवतात” आणि “जास्तीत जास्त कोर बघून घ्या”

ही दोन वाक्यं एकाच परिच्छेदात आहेत हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, असं दिसतं.

कोर वाढवण्यामागचं गणित वर आलेल्या घनाच्या हिशेबातच आहे. वेग आणि व्होल्टेज दोन्ही वीस टक्क्यांनी उतरवले तर एका कोरची उष्णता निम्म्यावर येते. म्हणजे त्याच तापात दोन कोर बसतात आणि दोघांचं मिळून काम १.६ पट होऊ शकतं. २००५-०६ पासून सगळा उद्योग या वाटेला लागला तो यामुळे.

पण ‘होऊ शकतं’ या शब्दांत मोठी गोम आहे. जीन ॲमडाल यांनी ती १९६७ सालीच सांगून ठेवली होती. कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो शेवटी सगळ्यांना धरून ठेवतो. पणजीहून दिवाडीला जायचंय असं समजा. स्कूटर विकून भारी मोटारसायकल घेतली, जुन्या गोव्याच्या धक्क्यावर अर्ध्या वेळात पोचलात. पुढे मांडवी पार करायला फेरीबोट तिच्याच चालीने जाणार. कामाचा पाव भाग असा फेरीबोटीवरचा असेल, तर आठ कोर लावूनही ते आठपट नव्हे, जेमतेम २.९ पट लवकर होतं. कोर हजार लावा, चौपटीच्या पुढे जाता येत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं काम याच जातीचं असतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर, पंचायतीचे अर्ज, वर्ड, ब्राउझर. सोळा कोरचं मशीन घेऊन त्यावर जीएसटीचा परतावा भरणारे व्यापारी मी पाहिलेत. त्यातले बारा कोर दिवसभर झोपा काढतात. व्हिडिओ संकलन करणारा, त्रिमितीय चित्रं बनवणारा किंवा मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणारा विद्यार्थी असेल तर त्याला जास्त कोर जरूर द्यावेत, त्याचं काम सहज वाटून घेता येतं.

मोबाइलच्या जाहिरातीतले ‘आठ कोर’ तर वेगळंच प्रकरण. ते आठही सारखे नसतात. आर्म कंपनीने २०११ मध्ये मोठे-लहान कोर एकत्र बसवायची रचना आणली. तेव्हापासून एक-दोन दांडगे, काही मध्यम आणि उरलेले बॅटरी वाचवणारे बारके, असा जथा असतो.

कोर मोजताना जी गोष्ट सगळे विसरतात ती मेमरी. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे पाव नॅनोसेकंद. तेवढ्यात प्रकाशही साडेसात सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, आणि तारेतला संदेश तर त्याहून हळू. रॅममधून एखादी गोष्ट मागवली की यायला ८० ते १०० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे प्रोसेसर तीन-चारशे ठोके हातावर हात ठेवून बसू शकतो. १९९५ मध्ये वुल्फ आणि मॅकी या दोन संशोधकांनी याला ‘मेमरीची भिंत’ म्हटलं होतं. रॅममध्ये नसलेली गोष्ट फिरत्या हार्डडिस्कवरून आणायची तर १० मिलिसेकंदांच्या आसपास जातात. ३ गिगाहर्ट्झच्या हिशेबाने तीन कोटी ठोके! फिरता भाग नसलेल्या एसएसडीवर हेच काम तीनेक लाख ठोक्यांत होतं. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या मशीनला एसएसडी बसवून दिली की माणूस खूश होऊन जातो आणि मला विचारतो, प्रोसेसर कुठला घातला म्हणून.

“३ नॅनोमीटर म्हणजे अणूएवढं, भारत २८ नॅनोमीटरचं भंगार बनवणार”

‘३ नॅनोमीटर’ हे आता निव्वळ पिढीचं नाव उरलं आहे. त्या चिपमध्ये ३ नॅनोमीटर लांबीचा ट्रान्झिस्टर शोधूनही सापडणार नाही. ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या भागाला गेट म्हणतात, तर शेजारशेजारच्या दोन गेटांमधलं अंतरच ४५ ते ५० नॅनोमीटरच्या घरात असतं. सिलिकॉनच्या स्फटिकात अणूंच्या मांडणीचा पुन्हा पुन्हा येणारा मूळ घन अर्ध्या नॅनोमीटरहून थोडा मोठा असतो, म्हणजे अणूपर्यंतची वाट संपली असंही नाही. अडचण आकारापेक्षा निराळीच आहे: सगळे भाग आता सारख्या प्रमाणात लहान होत नाहीत. तैवानच्या टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटर पिढीत चिपवरच्या झटपट मेमरीची एक पेशी ०.०२१ चौरस मायक्रोमीटर होती. ३ नॅनोमीटरच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या आवृत्तीतही ती तेवढीच राहिली. नाव बदललं, पेशी तीच.

गुजरातेत धोलेरा इथे टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची पीएसएमसी मिळून कारखाना उभारत आहेत, गुंतवणूक ९१,००० कोटी रुपयांची, आणि तिथे २८ ते ११० नॅनोमीटरच्या पिढ्या ठरल्या आहेत. याला भंगार म्हणणाऱ्याने २०२१ आठवावं. तेव्हा नवी गाडी बुक करून लोक महिनोन्‌महिने थांबले होते, ते अशाच जुन्या पिढीच्या चिपा मिळत नव्हत्या म्हणून. गाडीचे ब्रेक, विजेचा मीटर, फ्रिज, टीव्हीचा रिमोट, यांना ३ नॅनोमीटर लागत नाही. कारखाना वेळेत आणि नीट चालेल का, ही शंका जरूर घ्यावी. नॅनोमीटरवरून नाक मुरडायचं कारण नाही.

“जुनी मशीनं अपडेट पाठवून मुद्दाम मंद करतात”

तथ्य आहे म्हटलं तो मुद्दा हा.

ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये स्वतः कबूल केलं, की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केला जात होता. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असं त्यांचं म्हणणं. आणि तांत्रिकदृष्ट्या ते कारण खोटं नाही, थकलेली बॅटरी जोराचा झटका पुरवू शकत नाही. पण ग्राहकाला न सांगता केलं. २०२० मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरोंचा दंड केला, अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड करावी लागली. इथे ग्राहकाचा राग शंभर टक्के रास्त.

दुसरं उदाहरण जानेवारी २०१८ चं. ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ नावाच्या दोन उणिवा उघडकीला आल्या. पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून प्रोसेसर आधीच काम करून ठेवतो, असं वर म्हटलं ना, त्याच सवयीतून गुपितं चोरता येतात असं दिसून आलं. भोक बुजवायला अपडेट आले आणि काही कामांचा वेग खरोखर घटला. हे मुद्दाम नव्हतं, पण गंमत अशी की वेग मिळवायला वापरलेली युक्तीच महागात पडली.

तिसरं, विंडोज ११. २०२१ साली आलेल्या या आवृत्तीने साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर दारातच अडवले, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चांगली चालती मशीनं यामुळे बाद ठरली. सुरक्षेची कारणं दिली गेली, त्यातली काही पटतात. तरी आठ वर्षांचा धडधाकट लॅपटॉप कचऱ्यात जाताना पाहून मला फॉरवर्डवाल्याच्या बाजूने बोलावंसं वाटतं. माझ्याकडे असे आले की मी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घालून देतो. बिलिंग आणि ब्राउझर एवढ्यावर भागणाऱ्याला फरकही जाणवत नाही.

पण माझ्या टेबलावर ‘मंद झालाय’ म्हणून येणाऱ्या लॅपटॉपांत बहुतेकदा दोषी अपडेट नसतो, गोव्याची हवा असते. हसू नका. आतला पंखा आणि तांब्या-ॲल्युमिनियमच्या पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा नमदा बसतो. कळंगुट-बागाकडच्या गेस्टहाउसांतून येणाऱ्या मशीनांत त्यात खारी दमट हवा मिसळून तो चिकट होतो, कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा गंज चढतो. प्रोसेसरची उष्णता पट्ट्यांपर्यंत पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की जळू नये म्हणून आपण होऊन वेग उतरवतो, खोक्यावर ४ गिगाहर्ट्झ लिहिलेला दीडवर येतो. हवा चिपपेक्षा जितकी थंड, तितकी उष्णता बाहेर पडते. मेमधल्या ३४ अंशांच्या खोलीत आणि २२ अंशांच्या एसी खोलीत तोच लॅपटॉप दोन वेगळ्या चालींनी चालतो. डेनार्डच्या कथेचा शेवट असा आमच्या दुकानात, ब्रश आणि ब्लोअर घेऊन होतो. साफ करून नवी पेस्ट लावली की ‘कंपनीने मंद केलेलं’ मशीन धावू लागतं.

बाकी सॉफ्टवेअर जड होत जातं, हा आरोप खरा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तीस वर्षं नवा प्रोसेसर फुकटात वेग देत होता, त्यामुळे काटकसरीची सवयच मोडली.

“क्वांटम कॉम्प्युटर येतोच आहे, तोवर थांबा”

मग थांबाच. आज नावाजलेले बरेच क्वांटम कॉम्प्युटर निरपेक्ष शून्याच्या जेमतेम शतांश अंश वर, म्हणजे उणे २७३ च्या घरात थंड ठेवावे लागतात. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलेली मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याची रीत, रेणूंचं गणित, अशा निवडक कामांत त्यांच्याकडून आशा आहे. पोराचं प्रोजेक्ट, नाटक मंडळाचं बॅनर आणि यूट्यूब यांत ते आपल्या प्रोसेसरची जागा घेणार नाहीत.

वेग मिळवायच्या वाटा दुसरीकडे उघडल्या आहेत. एक, ठरावीक कामासाठीच बनवलेल्या चिपा: ग्राफिक्सच्या, किंवा गुगलने २०१५ पासून आपल्या केंद्रांत वापरलेल्या, यंत्र-शिक्षणाच्या. दुसरी, प्रोग्रॅम नीट लिहिणं. २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेच्या एमआयटीतल्या चार्ल्स लायझरसन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला. ४,०९६ ओळी-स्तंभांचे दोन तक्ते गुणायचे. पायथनमध्ये सरळ लिहिलेल्या प्रोग्रॅमला सात तास लागले. तेच काम सी भाषेत, मग सगळ्या कोरांवर वाटून, मेमरीची ये-जा आखून, प्रोसेसरच्या खास सूचना वापरून लिहीत गेले, शेवटी ०.४१ सेकंदात झालं. मशीन तेच, १८ कोरचं. फरक साठ हजारपटींहून जास्त. फर्मागुडीला किंवा झुआरीनगरला इंजिनिअरिंग शिकणारी मुलं माझ्याकडे महागडा लॅपटॉप मागतात तेव्हा मी त्यांच्यापुढे हा आकडा ठेवतो. वडील खूश होतात, मुलं नाराज.

तरी या जूनमध्ये घ्यायचाच असेल, तर गिगाहर्ट्झ, कोर आणि नॅनोमीटर बाजूला ठेवून एवढं विचारा: रॅम १६ जीबी आहे का आणि पुढे वाढवता येते का, की बोर्डालाच डकवलेली आहे? एसएसडी बदलता येते का? आणि मुख्य म्हणजे, त्या प्रोसेसरला या मॉडेलमध्ये सलग किती वॉट चालवू दिलेत? तोच प्रोसेसर एका जाडसर लॅपटॉपमध्ये ४५ वॉटवर तासन्‌तास पळतो आणि कागदासारख्या पातळ, महागड्या मॉडेलमध्ये अर्ध्या मिनिटात १५ वॉटवर येऊन दम खातो. दुकानदाराला हा आकडा सांगता येत नसेल, तर डेमोच्या मशीनवर दहा मिनिटं एखादा जड व्हिडिओ एक्सपोर्ट करायला लावा आणि खालून हात लावून बघा.